भुईचालीने भाऊजींना घाबरावं म्हणून

भाऊजी बोलताना अडखळतात, अगदी लहानपणापासून. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ते शाळेत जात होते. नाक वाहायचं, शर्टाची बटणं एक घर चुकवून लावलेली असायची, पण नात्याने दीर, म्हणून मी त्यांना ‘अहो भाऊजी’ म्हणायची. सासूबाईंना त्याचं भारी हसू यायचं. म्हणायच्या, अगं, आधी त्याचं नाक पूस, मग अहो-जाहो कर.

अडखळणं म्हणजे शब्दाचं पहिलं अक्षर ओठाशी येऊन बसायचं आणि पुढे सरकायचंच नाही. मान ताठ व्हायची, डोळे मिटायचे. ‘व’ त्यांना सगळ्यात जड, आणि मला हाक मारायची तर ‘वहिनी’शिवाय दुसरा शब्द नाही. मग त्यांनी आपली एक वाट काढली. स्वयंपाकघराच्या चौकटीवर बोटाच्या पेराने ठोकायचे. दोनदा पटकन, आणि जरा थांबून एकदा. ते ऐकलं की मी मागे न बघताच म्हणायची, या भाऊजी, भात झालाय. यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, हे पसंत नव्हतं. यांचं म्हणणं, तुम्ही बायकाच त्याला बोलायची सवय लागू देत नाही. त्यावर सासूबाई म्हणायच्या, तू बोलतोस ते दोघांचं मिळून पुरे आहे.

शाळेतले गुरुजी मनाने वाईट नव्हते. उभं करून मोठ्याने वाचायला लावलं की जीभ सुटेल असं त्यांना वाटायचं. जीभ काही सुटली नाही, वर्ग मात्र हसायला सुटला. सातवीनंतर भाऊजींनी दप्तर खुंटीला अडकवलं ते अडकवलंच. एकदा लग्नासाठी मुलगी बघायलाही गेलो होतो. मुलीच्या वडिलांनी सहज विचारलं, काय काम करता? भाऊजींची मान ताठ झाली, डोळे मिटले, आणि खोलीतले सगळे आपापल्या कपात बघत राहिले. मुलगीच शेवटी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेली. परत येताना भाऊजी सगळ्यांच्या पुढे पुढे चालत होते. त्यानंतर लग्नाचा विषय काढला की ते सरळ उठून अंगणात जायचे.

हे तेव्हा जंगलखात्याचा ट्रक चालवायचे. यांनी साहेबांच्या कानावर घातलं आणि भाऊजींना पायवाटेच्या कामावर घेतलं. आमचं गाव डोंगराच्या खांद्यावर. गावाच्या वरच्या टोकाला घरं संपतात आणि जंगल सुरू होतं, ते थेट माथ्यापर्यंत. वर्षातले बरेच महिने ढग तिथे झाडांतच मुक्कामाला असतात. खोडांवर शेवाळ इतकं जाड, की झाडांनी स्वेटर घातलेत असं वाटावं. भर दुपारीसुद्धा दारं लावलेल्या स्वयंपाकघरासारखा उजेड. त्या जंगलातून वर जाणारी पायवाट पावसाने सतत वाहून जायची. कडेचे चर पाल्याने तुंबायचे, मुळं वर यायची. कुदळ घेऊन चर मोकळे करायचे, खचलेली माती पुन्हा भरायची, पायऱ्यांचे दगड बसवायचे, हे भाऊजींचं काम. दिवसभर एकटं. कुणाशी बोलायची गरज नाही. देवाने त्यांच्या मापाचं काम शोधून ठेवलं होतं असं मला वाटायचं, आणि मी देवाला तसं सांगूनही टाकलं होतं.

एका संध्याकाळी ते घरी आले ते बोलतच. पाय धुवायचेसुद्धा विसरले. अडखळत, थांबत, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत त्यांनी जे सांगितलं ते असं. चर उपसत होते, तेव्हा मागे पाल्यात काहीतरी हललं. वळून बघितलं तर भुईचाली उभी. भुईचाली हे आमच्याकडे ऐकून ठाऊक असलेलं पाखरू. पहाटे जंगलातून तिचा आवाज येतो, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर हलकी फुंकर मारल्यासारखा. पण ती दिसते म्हणाल तर गावातल्या म्हाताऱ्यांनीही बघितलेली नाही. ती उडतच नाही म्हटलं तरी चालेल. जमिनीवर चालते, सावली सोडत नाही, आणि माणसाची चाहूल लागली की होती तिथे नसते. अशी ती भाऊजींच्या मागे दोन हातांवर उभी. लहान कोंबडीच्या पिलाएवढी, गोल, शेपूट जवळजवळ नाहीच, आणि खाली काड्यांसारखे उंच पाय. भाऊजींनी कुदळ मारली, माती उलटली, तशी ती टुणकन पुढे आली, गांडूळ उचललं आणि पुन्हा मागे जाऊन उभी राहिली. पुन्हा कुदळ, पुन्हा गांडूळ. दुपारभर तेच.

सासूबाईंनी शांतपणे विचारलं, असं का करत असेल रे ती? भाऊजी म्हणाले, जंगलातली डुकरं माती उकरतात ना, त्यांच्या मागून ही पाखरं फिरत असतील गांडुळं वेचत. सासूबाई म्हणाल्या, म्हणजे तिने तुला डुक्कर समजलं तर. आम्ही सगळे हसलो. भाऊजी सगळ्यांत जास्त हसले. आपल्यावर झालेल्या थट्टेला ते असे मोकळे हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

मग ते रोजचंच झालं. काही दिवसांनी एकीच्या मागे दुसरी आली. नर कोण, मादी कोण ते कळत नाही, दोन्ही दिसायला सारख्याच. पाठ मातीच्या रंगाची, छातीवर खवल्यांसारखी नक्षी, डोळ्याभोवती फिकट कडा. पण एक धीट होती, ती पुढे यायची. दुसरी पाल्याआड उभी राहून आधी पाहून घ्यायची. म्हणून घरात त्यांची नावं पडली पुढची आणि मागची. जेवताना यांनी विचारायचं, काय, पुढची काय म्हणते? आणि भाऊजींनी सांगायचं. आमच्या घरात भाऊजींना बोलतं करणारा एवढा एकच विषय होता.

चर काही रोज उपसावा लागत नाही. ज्या दिवशी दगडाचं काम असेल त्या दिवशी पाखरांना काही मिळायचं नाही. ते भाऊजींना बघवेना. मग ते घरामागच्या खतातून गांडुळं काढून डब्यातून वर न्यायला लागले. पण आलोय हे त्यांना कळवायचं कसं? दुसऱ्या कुणीही शीळ घातली असती, च्यक् च्यक् केलं असतं, नावाने हाक मारली असती. भाऊजींनी केलं ते हे, की वळणावरच्या एका सपाट दगडावर कुदळीच्या पात्याने ठोकलं. दोनदा पटकन, आणि जरा थांबून एकदा. पाखरांना ते समजायला फार दिवस लागले नाहीत. दगड वाजला की आधी पुढची, मग मागची.

हे साहेबांच्या कानावर गेलं, आणि साहेबांकडून शहरातल्या एका बाईंच्या. त्या पाखरांचा अभ्यास करायच्या. आम्ही त्यांना पक्षीवाल्या बाई म्हणायचो. पहिल्यांदा आल्या तेव्हा दगड वाजला, पाखरं आली, आणि बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. आमच्याकडे चहा घेताना त्यांनी सांगितलं, की भुईचाली या एका डोंगराच्या वरच्या ओल्या जंगलातच राहते. खाली उतरत नाही, कारण खाली ऊन आणि कोरडी माती. पलीकडच्या डोंगरावर जात नाही, कारण मधे उघडी दरी. जोडी एकदा जमली की आपला तेवढा तुकडा धरून आयुष्यभर तिथेच. अंडं एखाद-दुसरंच घालते, कुजलेल्या बुंध्यावर शेवाळाची वाटी करून. अंड्यावर दोघं आळीपाळीने बसतात. सासूबाई म्हणाल्या, म्हणजे नवरा शहाणा आहे. यांनी पेपरात डोकं घातलं.

बाईंनी आणखी एक सांगितलं. हे पाखरू पिंजऱ्यात जगत नाही. खायचं सोडतं. भाऊजी तेव्हा दाराशी उभे होते.

पुढे लोक येऊ लागले, दुर्बिणी घेऊन, लांबलांबून. मीही दोन-तीनदा गेले बघायला. तिथलं एक मला अजून डोळ्यांसमोर आहे. वळणापाशी आलं की भाऊजी ओठांवर बोट ठेवायचे, आणि ती सगळी शिकलेली, फाडफाड बोलणारी माणसं एकदम गप्प व्हायची. खोकला आला तरी तोंडात रुमाल कोंबायची. त्या जागेवर सगळ्यांनीच मुकं व्हायचं असायचं, आणि भाऊजी त्या सगळ्यांच्या पुढे कुदळ घेऊन उभे. तिथे ते कुणाहून कमी नव्हते. काड्यांसारखे पाय टाकत पुढची बाहेर यायची, भाऊजींच्या बुटापाशी थांबायची, मान तिरकी करून वर बघायची. घरी त्यांची अशी ताठ पाठ मी कधी पाहिली नव्हती.

त्या वर्षी जोडीने पिल्लू काढलं. भाऊजींनी घरटं शोधलं नाही. बाईंनी सांगितलं होतं, शोधू नका. पण मागची येईनाशी झाली की पुढची यायची, पुढची नसली की मागची, त्यावरून त्यांनी ओळखलं. मग दोघीही चोचीत गांडुळांची जुडी धरून आत पळायला लागल्या. एकदा काय झालं, की मागचीच्या मागून काळपट कापसाचा गोळा चालत आला. ज्या दिवशी भाऊजींनी तो बघितला त्या दिवशी त्यांनी येताना सासूबाईंसाठी मऊ केळी आणली. कशाबद्दल रे, विचारलं तर म्हणाले, अ-अशीच.

ती दोन माणसं त्यानंतर आली. एकाच्या गळ्यात दुर्बीण होती. ती त्याने एकदाही डोळ्याला लावली नाही, हे आम्हाला मागाहून आठवलं. बोलायला गोड. खाली उतरताना आमच्याकडे बसले, चहा घेतला, सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी केली. मग त्यातल्या एकाने भाऊजींना कौतुकाने विचारलं, की ही पाखरं फक्त तुमच्यासाठीच येतात, नाही का? तुमचा काय लळा आहे त्यांना.

भाऊजींना कुणी मोठं केलेलं सोसायचं नाही. ते लाजले. म्हणाले, “तसं नाही. को-कोणीही ठोका. येतात.”

आणि त्यांनी टेबलावर पेराने ठोकून दाखवलं, कसं ते.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी भाऊजी छपराचा पत्रा बसवत होते. ढगात गेलेलं ऊन नुकतंच परत आलं होतं. जंगलात मध काढायला जाणारा एक माणूस आमच्या ओळखीचा, तो खाली उतरताना अंगणात थांबला आणि वर बघून म्हणाला, अरे, तू कधी आलास खाली? सकाळी तर वर दगड वाजवत होतास. सुट्टीच्या दिवशीपण सोडत नाहीस का रे त्या पाखरांना?

भाऊजींच्या हातातली हातोडी पत्र्यावरून घरंगळत खाली आली. ते शिडीवरून उतरले की उडी मारली हे मला कळलंच नाही. मी घरातल्या चपलांवरच त्यांच्या मागे धावले. हे ट्रक घेऊन बाहेरगावी होते.

मी पोचले तेव्हा भाऊजी वळणावर गुडघ्यांवर बसले होते. दगडाभोवतीची ओली माती बुटांनी तुडवलेली. गांडुळांचा एक पत्र्याचा डबा आडवा पडलेला, आमचा नव्हे. दोन झाडांच्या मधे जाळ्याचा एक तुकडा लटकत होता. केसासारखा बारीक धागा, काळा, घाईत ओढताना फाटलेला. त्यात खवल्यांच्या नक्षीची काही पिसं अडकलेली. भाऊजी ती एकेक करून सोडवत होते.

कुणाला नेलं हे लगेच कळलं नाही. भाऊजींनी दगड वाजवला नाही, त्यांच्याने तो वाजवेना. आम्ही तसेच बसून राहिलो. पुष्कळ वेळाने पाल्याआडून मागची दिसली. ती बाहेर आली नाही. तिच्या पायांशी तो कापसाचा गोळा होता.

पुढची सगळ्यांत आधी यायची. तिला नेलं होतं.

साहेबांनी चौकशी केली, वरती कळवलं, नाक्यावर गाड्या तपासायला लावल्या. काही हाती लागलं नाही. पक्षीवाल्या बाई पहिल्या गाडीने आल्या. जाळ्यातली पिसं त्यांनी हातात घेऊन बघितली. मग म्हणाल्या, की एक मिळालं म्हणजे ते लोक दुसरीसाठी परत येणार. ती दगडाचा आवाज विसरली पाहिजे. साहेब म्हणाले, मी पहारेकरी ठेवतो. पण जंगल केवढं आणि पहारेकरी एक. त्यालाही घरदार, ताप-खोकला. भाऊजींनी खाऊ घालणं त्या दिवसापासून बंद केलं.

त्याने काही झालं नाही. पायवाट तर दुरुस्त करायलाच हवी होती. पावसात एक अख्खी पायरी वाहून गेली होती. कुदळ कुठेही दगडाला लागली की मागची हजर. आता पुढे जायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तीच पुढे यायला लागली होती. पिल्लाला भरवायचं होतं, एकटीला. ती भाऊजींच्या बुटापाशी येऊन उभी राहायची, मान तिरकी करून वर बघायची. काही मिळालं नाही तरी उभी. भाऊजी सांगत होते आणि सासूबाईंनी मधेच म्हटलं, बाळा, पुरे कर, मला ऐकवत नाही.

त्या संध्याकाळी मी भांडी आवरत होते. भाऊजी येऊन ओट्याला टेकून उभे राहिले. बोलायचं होतं, ते बाहेर यायला वेळ लागला. मी हातातलं काम थांबवलं नाही. आपण बघत राहिलं की त्यांना जास्त जड जातं.

“मी तोंडाने हा-हाक मारायला हवी होती,” ते म्हणाले. “माझ्यासारखी अडखळती हाक कु-कुणाला जमली असती, वहिनी?”

मी धुतलेलं पातेलं पुन्हा धुवायला घेतलं.

ते म्हणाले, ती विसरणार नाही. तिला घाबरवलंच पाहिजे. माझ्या एकट्याच्या हाताने होणार नाही, तुम्ही चला.

मी गेले. पहाटे देवापुढे बसले तेव्हा काय मागावं तेच कळेना. पाखराने घाबरावं म्हणून कुणी प्रार्थना करतं का? शेवटी एवढंच म्हटलं, की तिला राख, आणि भाऊजींनाही राख.

पहिल्या दिवशी भाऊजींनी दगड वाजवला. मागची आली. तिच्या मागे पिल्लू, आता त्याला छातीवर नक्षी फुटायला लागलेली. भाऊजी ओरडले, “ज-जा!” ती उभीच. त्यांचा आवाज तिला नवा थोडाच होता? एकटे असताना ते तिच्याशी बोलत असणार, हे मला तेव्हा कळलं. मग त्यांनी मातीचं ढेकूळ उचललं आणि तिच्या बाजूला फेकलं. ढेकूळ फुटलं. ती टुणकन उडी मारून मागे सरली, मग पुढे आली, आणि फुटलेल्या ढेकळात गांडूळ आहे का ते चाचपायला लागली. भाऊजींनी फेकलंय म्हणजे त्यात काहीतरी खायचंच असणार. तिने चोचीने माती इकडे तिकडे केली आणि पुन्हा वर बघितलं.

भाऊजी वाटेवरच खाली बसले. मी झाकणं वाजवायला नेली होती, ती माझ्या पिशवीतच राहिली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रंकेतून तो जाळ्याचा फाटका तुकडा काढला. साहेबांना एक तुकडा दाखवायला दिला होता, उरलेला त्यांनी ठेवला होता. मला कळलं ते काय करणार आहेत, आणि मी म्हटलं, भाऊजी, हे नका करू. दुसरं काहीतरी करू. त्यांनी विचारलं, दुसरं काय?

दगड वाजला. मागची आली, बुटापासून हातभर अंतरावर थांबली. आणि भाऊजींनी तिच्यावर जाळं टाकलं.

क्षणभर ती त्याच्या खाली होती. मग जो आवाज तिने काढला तो मी त्याआधी ऐकला नव्हता आणि पुन्हा ऐकायची इच्छा नाही. ती नेहमीची मऊ फुंकर नव्हतीच. फाटलेल्या भोकातून ती सुटली आणि पाल्यात शिरली. पिल्लाला काही समजलं नव्हतं. ते वाटेच्या मधोमध उभं होतं, आई गेली तिकडे तोंड करून. दगडाचा आवाज म्हणजे काय, जाळं म्हणजे काय, त्याला अजून काहीच ठाऊक नव्हतं. ते आईच्या मागे चालत आलं होतं एवढंच. भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. त्यांनी पिल्लावरही जाळं टाकलं, आणि ते धडपडत, ओरडत निघून गेलं. आयुष्यात त्याला माणसाची पहिली ओळख झाली ती ही.

एवढ्यावर संपेल असं मला वाटलं होतं. नाही संपलं. चार दिवसांनी भाऊजींनी दगड वाजवला तर ती आली. लांब उभी राहिली, पण आली. तिलाही पिल्लाचं पोट भरायचं होतं. भाऊजी जाळं घेऊन तिच्यामागे पाल्यात धावले. पुन्हा काही दिवसांनी तेच. दर वेळी ती आणखी लांब थांबायची, दर वेळी भाऊजी आणखी लांब धावायचे. घरी आले की अंगभर काटे, ओरखडे. सासूबाई हळद लावायच्या. यांनी एकदा म्हटलं, तुझी बदली मागून घेऊ का रोपवाटिकेत? भाऊजी म्हणाले, मी गेलो तर दुसरा कु-कुदळ घेऊन येईल. तिने कुदळीलाच घाबरायला हवं.

मग एक दिवस दगड वाजवला आणि कुणी आलं नाही. त्यांनी वाट बघितली, पुन्हा वाजवला. मी त्या दिवशी बरोबर होते. त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवत नव्हतं. ती न आली तर त्यांचं काम फत्ते होणार होतं, आणि प्रत्येक पान हललं की त्यांची मान तिकडे वळत होती. नंतरही रोज ते एकदा दगड वाजवून बघायचे. खात्री करायला, असं म्हणायचे. मी मनात देवाला म्हणायची, तिला येऊ देऊ नकोस. आणि म्हणताना मलाच रडू फुटायचं.

पाऊस ओसरला तसा आमच्या मधवाल्याने पुन्हा एकदा अंगणात येऊन सांगितलं. पुन्हा सुट्टीच्या दिवशीच. पण या वेळी तो थांबून, लपून बघून आला होता. ती दोन माणसं आली होती. पहारेकरी खालच्या वाटेला होता. त्यांनी जाळं बांधलं, दगड वाजवला. अगदी भाऊजींसारखा. वाजवत राहिले, वाजवत राहिले. जागा बदलून वाजवला. गांडुळं पसरून ठेवली. सूर्य डोक्यावर आला तेव्हा त्यांनी एकमेकांना शिव्या घातल्या, जाळं गुंडाळलं आणि मागच्या उताराने निघून गेले. रिकाम्या हाताने.

हे घरीच होते. यांनी भाऊजींच्या पाठीवर थाप मारली. यांना फार बोलायची सवय, पण त्या वेळी एवढंच म्हणाले, जिंकलास तू. सासूबाईंनी डोळे टिपले. मी आत गेले, हात जोडले आणि देवाचे आभार मानले.

दुसऱ्या दिवशी भाऊजी कामावरून उशिरा आले. ताटावर बसले, पण हात लावला नाही. मी विचारलं, काय झालं? त्यांनी सांगितलं, की त्या लोकांनी टाकलेली गांडुळं वळणावर तशीच सुकून पडली होती. ती उचलून टाकली. मग वर ओढ्याच्या बाजूला चर बघायला गेले, तर समोर मागची. तिच्यासोबत पिल्लू, आता जवळजवळ तिच्याएवढं झालेलं. दोघं पाला उलटवत होती. धडधाकट. भाऊजींनी दगड वाजवला नव्हता, कुदळ खांद्यावर होती, हातात काही नव्हतं. ते नुसते उभे होते. तिने मान वर केली, त्यांना बघितलं, आणि तोच आवाज काढला, जाळ्याखालचा. दोघं पळाली.

“त्यांच्याकडे आली नाही,” भाऊजी म्हणाले. “माझ्याकडेही नाही. तिला आता आम्ही सा-सारखेच.”

मी त्यांच्या ताटातला निवलेला भात काढून घेतला आणि गरम वाढला. ते नको म्हणाले नाहीत. खाली मान घालून जेवत राहिले.